घोडेबाबापुढे माझ्या वतीने

उजव्या काखेजवळ हाताला गाठ लागली, त्याला दोन महिने होऊन गेले होते आणि मी कुणालाही सांगितलं नव्हतं. डॉक्टरांना नाही, आईलाही नाही. अंघोळीच्या वेळी रोज चाचपून बघायची आणि तयार होऊन कामाला जायची. देवावर माझा विश्वास होता की नाही, हेही धड सांगता आलं नसतं. झोपताना हात जोडायची सवय होती, पण गाठीबद्दल मागायला गेलं की शब्द जुळत नसत. मागितलं म्हणजे ती खरोखर आहे असं कबूल केल्यासारखं वाटे.

हैदराबादेत काचीगुड्याहून मलकपेठेतल्या माझ्या ऑफिसला जाताना रस्त्याच्या कडेला, कडुलिंबाखाली, एक दगडी घोडा लागतो. कंबरेएवढा, एक कान तुटलेला, तेल-शेंदूर बसून काळपट झालेला. लोक त्याला घोडेबाबा म्हणतात. फार पूर्वी म्हणे एक स्वार तापाने इथे खाली पडला. त्याचा घोडा पळून गेला नाही. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या वाटेत तीन दिवस आडवा उभा राहिला, आणि शेवटी कुणीतरी थांबून स्वाराला उचललं. स्वार वाचला, घोडा तिथेच मेला. त्याने स्वतःसाठी काही मागितलं नाही, म्हणून त्याच्यापुढे कुणीच स्वतःसाठी मागायचं नाही, असा रिवाज आहे. आपलं दुखणं तिथे उभ्या असलेल्या दुसऱ्या माणसाला सांगायचं. तो आपल्यासाठी मागतो, आपण त्याच्यासाठी.

मी रोज त्याच्यासमोरून स्कूटी नेत असे, पण थांबले कधीच नव्हते. अनोळखी माणसाला आपलं काही सांगायचं, ही कल्पनाच मला सहन होत नसे. एका गुरुवारी आईने भिजवलेल्या हरभऱ्यांचा डबा हातात दिला. "माझ्या गुडघ्यांसाठी माग गं घोडेबाबाला. माझं मला मागता येत नाही तिथं. आणि नुसता डबा ठेवून पळू नको, तोंडाने बोल. तुला तेवढंच जमत नाही."

घोड्यापाशी एक म्हातारी बाई उभी होती. सुती साडी, हातात औषधांची पिशवी. मला बघून म्हणाली, "आओ अम्मा. घंटे से खडी हूँ, कोई उतरताइच नै. मेरा बोल देव." मी विचारलं, काय बोलू? ती अगदी सरळ म्हणाली, "मेरे मरद को मेरे से पहले उठा ले, बोलो."

तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. "चार साल से बिस्तर पो हैं. मैं पहले गई तो उनको पानी कौन पिलाता? डरो नक्को, बोलो."

नवऱ्याच्या आधी आपण जावं असं मागणाऱ्या बायका मी घरात पाहिल्या होत्या. हे उलटं मागणं माझ्या तोंडून कसं निघालं, मला माहीत नाही. डबा घोड्यापुढे ठेवला आणि हळूच मराठीत म्हणाले, "यांच्या आधी त्यांना ने." तिला ते कळलं. तिने डोळे पुसले नाहीत, फक्त मान हलवली.

"अब तुम्हारा?" मी आईच्या गुडघ्यांचं सांगितलं. ती हसली. "ऐसी सूरत लेके कोई घुटनों के वास्ते आता क्या? घुटने बोल देतूं. अब तुम्हारा बोलो."

कदाचित तिने आपलं इतकं उघड करून दाखवलं होतं म्हणून, कदाचित ती पुन्हा कधी भेटणार नाही म्हणून, मी सांगितलं. गाठ, दोन महिने, भीती, आईलाही सांगितलं नाही ते. रस्त्यावरून बस गेली तेव्हा आवाज चढवून पुन्हा सांगावं लागलं. ती घोड्याकडे वळली आणि गल्लीतल्या पोराला रागावावं तशा सुरात म्हणाली, "सुन रे बाबा. गाठ को डाक्टर देखता. तू इसका मूँ खोल. आज इच माँ को बोलने दे." मग माझ्या पाठीवर हात ठेवला. "जाव अब."

मी ऑफिसला गेले नाही. परत फिरले. आई भाजी चिरत होती. मी सगळं सांगितलं, तेव्हा तिने हातातली भाजी खाली ठेवली. मग म्हणाली, "दोन महिने? मी काय परकी आहे का गं तुला?" तिने विळी आडवी केली, साडी बदलली आणि तेच दुखरे गुडघे धरत दवाखान्याचा जिना माझ्या पुढे चढली.

गाठ साधी नव्हती. डॉक्टर म्हणाल्या, अजून काही महिने गेले असते तर अवघड झालं असतं. ऑपरेशन झालं, औषधं झाली, केस गेले आणि परत आले. त्या काळात आईने मला जेवू घातलं, न्हाऊ घातलं, आणि मी पहिल्यांदाच नको म्हटलं नाही. ती बाई मला पुन्हा दिसली नाही. तिचं मागणं पुरं झालं असेल का, याचा विचार करायचा धीर मला अजून होत नाही. पण झोपताना हात जोडते तेव्हा त्या नवरा-बायकोची नावं माहीत नसतानाही पहिलं त्यांच्यासाठी मागते.

देवाने माझं ऐकलं, असं मी म्हणणार नाही. मी त्याला माझं काही सांगितलंच नव्हतं. माझ्यासाठी दुसरं कुणीतरी बोललं, आणि मी फक्त शेजारी उभी राहिले. शरण जाणं म्हणजे काहीतरी फार मोठं असेल, असं मला वाटत होतं. माझ्या वाट्याला ते एवढंच आलं, आणि तेवढ्याने मी वाचले.