दोन वायरींची अदलाबदल

जाफराबादला माझं बी-बियाण्याचं दुकान आहे. मागच्या गोदामात, सोयाबीनच्या थप्प्यांना लागून, एक लाल विलायती गाडी उभी असते. दोन सीटची, उघडी, जमिनीला इतकी चिकटलेली की पहिल्यांदा बाजारातून नेली तेव्हा एका म्हातारीने विचारलं होतं, "हिचं वरचं कुठं पडलं रे?" आमच्या वडलांच्या वयाची शर्यतीची गाडी. निम्मी माझी, निम्मी मास्तरांची.

मास्तर म्हणजे माझे मित्र. माझ्यापेक्षा थोडे मोठे, शाळेत गणित शिकवणारे. घरात उर्दू, वर्गात मराठी आणि गाडीपाशी दोन्हीतल्या शिव्या. हैदराबादला सासरच्या लग्नाला गेले असताना त्यांना ही गाडी एका अंगणात ताडपत्रीखाली दिसली. आत कोंबड्या बसलेल्या. तिथूनच त्यांनी मला फोन लावला, "शेठ, एक वेडेपणा करायचा का?" मी कसला ते न विचारताच हो म्हणालो. तेव्हा आमची मैत्री तशी होती.

गाडी आली ती बंद, आणि नंतरही आठवड्यातून एकदा बंद पडायचीच. तिच्यासाठी आम्ही एक नियम केला होता. आधी बोल, मंग बोनेट. म्हणजे बोनेट उघडण्याआधी दोघांनी आपापला अंदाज मोठ्याने सांगायचा, तोही जे कोणी आजूबाजूला असतील त्यांच्यासमोर. ज्याचा अंदाज खरा ठरेल त्याने स्टिअरिंगवर बसायचं आणि हरलेल्याने धक्का मारायचा. बॅटरी कायमची अशक्त. सेल्फ दोन-तीन झटक्यांत दमायचा, त्यामुळे दुरुस्ती झाली तरी धक्का हा लागायचाच.

धक्का बहुतेक वेळा मीच मारायचो. मास्तरांचा कान तीक्ष्ण होता. इंजिनाच्या एका खोकल्यावरून ते सांगायचे, कचरा कार्बोरेटरमध्ये आहे की पॉइंट जळलेत. आणि जिंकले की गप्प बसायचे नाहीत. गिऱ्हाइकं ऐकत असताना म्हणायचे, "ह्या शेठचं बियाणं उगवलं न्हाई तर हा पावसाला शिव्या देतो. गाडी बंद पडली तर पेट्रोलला. स्वतःचं डोकं मात्र बिलकुल कोरं, कंपनी सील." लोक हसायचे. मीही हसायचो. एका बाजाराच्या दिवशी मी कार्बोरेटर म्हणालो आणि निघालं असं की टाकीच रिकामी. त्यांनी गर्दीतल्या एका शेतकऱ्याला सांगितलं, "भाऊ, ह्याला टाकीत काडी घालून बघायला शिकवा. तुमच्या मोटारीचं डिझेल तरी तुम्हाला कळतं ना?" धक्का मारताना माझ्या चपलेचा अंगठा तुटला. एका पायात चप्पल घेऊन मी भर बाजारातून दुकानापर्यंत परत आलो. ती वाट माझ्या मनातून जाईना.

पुढच्या बाजाराच्या आदल्या संध्याकाळी मास्तरांनी डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढून आतले ठिणगी पाडणारे पॉइंट घासले. हे काळं झाकण म्हणजे चार प्लगना आळीपाळीने करंट वाटणारी जागा. त्यातून चार वायरी निघतात आणि त्यांचा क्रम ठरलेला असतो, एक-तीन-चार-दोन. मास्तर पाढे म्हणावेत तसा तो सुरात म्हणायचे. त्या संध्याकाळीही म्हणत म्हणत त्यांनी वायरी लावल्या आणि हात पुसून घरी गेले.

सकाळी दुकान उघडायच्या आधी मी गोदामात गेलो आणि त्यातल्या दोन वायरी एकमेकींच्या जागी लावल्या. जांभई द्यायला लागतो तेवढाच वेळ लागला. मला वाटलं होतं, गंमत होईल. नाही, हे खोटं आहे. मला वाटलं होतं, त्यांची जिरेल.

दुपारी बाजार भरात असताना आम्ही गाडी बाहेर ढकलली. टेंभुर्णीपर्यंत चक्कर मारून यायचं ठरलं होतं. मास्तरांनी सेल्फ मारला. इंजिन दोन पायांवर लंगडल्यासारखं थडथडलं, कार्बोरेटरमधून फाट्‌ करून आवाज आला आणि गाडी गप्प झाली. भाजीवाल्या बाया दचकल्या. माणसं गोळा झाली.

"आधी बोला मास्तर," मी म्हणालो.

"पॉइंटची गॅप सरकली," ते लगेच म्हणाले. "काल घासले ना मी."

"मी म्हणतो, वायरी उलट्यासुलट्या लागल्यात."

ते हसले. "शेठ, वायरी मी लावल्यात."

"म्हणून तर म्हणून राह्यलो."

बोनेट उघडलं. मास्तर वाकले. एकेका वायरीवर बोट ठेवून झाकणापासून प्लगपर्यंत गेले. मग पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्यांदा गेले तेव्हा ओठ हलत होते, आवाज येत नव्हता.

"मी बराबर लावल्त्या," ते म्हणाले.

"मंग रात्री भूत आल्तं का गाडी शिकायला?"

कोणीतरी खिंकाळलं. मला तेवढंच पुरेसं होतं. "एक-तीन-चार-दोन, मास्तर! चारच आकडे. पोरांना पण असंच शिकवता का? तरीच म्हटलं, आपल्या तालुक्याचे पोरं गणितात का गचकून राह्यलेत." आता सगळेच हसले. गर्दीत त्यांचा एक जुना विद्यार्थी होता, मोटरसायकलवर. त्याने मान खाली घातली होती, पण त्याचेही खांदे हलत होते. "वय झालं मास्तर. उद्या घरी जाताना पत्ता चिठ्ठीवर लिहून घ्या. भाभीचं नाव पण लिहा, न्हाई तर दुसऱ्याच घरात जाऊन जेवायला मागाल."

मास्तरांनी वायरी नीट लावल्या आणि मागे जाऊन गाडीला हात लावला. नियमच होता. मी स्टिअरिंगवर बसलो. गाडी चालू झाली आणि मी थांबलो नाही. त्यांना घेण्यासाठी थांबायचं असतं, बाजूची सीट हरलेल्याची असते. मी तसाच पुढे गेलो. आरशात ते रस्त्याच्या मधोमध उभे दिसले. मूठ दाखवून शिवी देतील असं मला वाटलं होतं. ते एका हाताची बोटं दुसऱ्या हाताने मोजत होते.

त्यानंतर ते गोदामात आले नाहीत. मी फोन केला की भाभी उचलायच्या आणि म्हणायच्या, झोपलेत. एका रविवारी त्या स्वतःच दुकानात आल्या, गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबल्या आणि मग सगळं सांगितलं. मास्तरांचं बऱ्याच महिन्यांपासून बिनसलं होतं. फळ्यावरचं उदाहरण अर्ध्यावर सोडून ते पोरांकडे बघत उभे राहायचे. गॅस चालू ठेवायचे. एकदा जालन्याला जायला निघाले आणि भलत्याच एसटीत बसले. हे सगळं त्यांनी लपवलं होतं.

"मी म्हणायची, डॉक्टरला दाखवू," भाभी म्हणाल्या. "ते म्हणायचे, बाई, मी गाडी बराबर करतो ना? जोवर गाडी बराबर, तोवर डोकं बराबर. त्या बाजाराच्या दिवशी घरी आले, भाईसाब, आणि चप्पल पण न काढता म्हणाले, चल, दाखव डॉक्टरला."

डॉक्टरांनी संभाजीनगरला तपासण्या केल्या होत्या. विसरायचा आजार, सुरुवात आहे, बरा होणार नाही, गोळ्यांनी वाढ थोडी मंदावेल. मोटरसायकल बंद करायला सांगितलं होतं. चावी भाभींनी धान्याच्या कोठीत लपवली होती. गोळ्या मास्तर स्वतःहून घेत होते. "एका हिशोबानं बरंच झालं," त्या म्हणाल्या. "मानायला तर लागले. आणि हां, गाडीचा त्यांचा हिस्सा तुम्हीच ठेवा म्हणाले."

त्या गेल्यावर मी गोदामात जाऊन बियाण्याच्या पोत्यावर बसलो. गाडीकडे बघवेना.

पुढचे काही दिवस मला अन्न गोड लागलं नाही. मी मनाशी म्हणायचो, त्यांना खरं कळलं पाहिजे, तो त्यांचा हक्क आहे. आज मला वाटतं, मला फक्त माझ्या छातीवरचा धोंडा दुसऱ्या कोणाच्या तरी छातीवर ठेवायचा होता. जवळ मास्तरच होते.

मी त्यांच्या घरी गेलो. ते ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. दाढी वाढलेली, पण सदरा इस्त्रीचा. मी समोर बसलो आणि म्हणालो, "मास्तर, त्या वायरी मी बदलल्या होत्या. तुम्ही बराबर लावल्या होत्या. मी सकाळी येऊन उलट्या केल्या."

मी शिवीची वाट पाहत होतो. मारलं असतं तरी चाललं असतं. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू जे आलं ते मी कधी विसरणार नाही. ते आनंदले होते.

"तू केल्त्या?"

"हो."

"म्हणजे मी न्हाई चुकलो!" ते पुढे सरकले. माझं मनगट धरलं. "शेठ, गोदामाची किल्ली माझ्या खिशातून गेल्ती, ती पण तूच काढल्ती ना?"

"न्हाई मास्तर."

"आणि मी जॅक आणायला निघालो आणि नळावर जाऊन उभा राह्यलो, तेव्हा? तूच सांगितलं असशील, नळावर जा म्हणून. हसायला."

"न्हाई."

"घाबरू नको रे. मी रागावत न्हाई. जालन्याची एसटी? तू कोणाला तरी सांगून पाटी बदलायला लावली असशील. तू हरामखोर आहेस, तू करू शकतोस." ते हे लाडाने म्हणाले. माझं मनगट त्यांनी सोडलं नव्हतं. मी प्रत्येक वेळी नाही म्हणत होतो आणि ते प्रत्येक वेळी अजून छोटी, अजून जुनी गोष्ट काढत होते. एक तरी गुन्हा स्वतःवर घे, म्हणून ते विनवत होते. शेवटी भाभी चहा घेऊन आल्या तेव्हा ते ओरडलेच, "ऐकलं का? सब इसका किया हुआ है! मला काही झालं न्हाई!"

मी खूप समजावलं. वायरी सोडून काही माझं नाही, शपथ घेतली. त्यांनी ऐकल्यासारखं केलं आणि मला फाटकापर्यंत सोडायला आले. म्हणाले, "रविवारी येतो. धक्का तू मारायचा."

रविवारी ते आले नाहीत. आल्या त्या भाभी, दुपारच्या उन्हात, पायी. मास्तरांनी गोळ्या नाल्यात टाकल्या होत्या. शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगत फिरत होते की शेठनं चेष्टा केली, डॉक्टर फसला. आदल्या दिवशी कोठीतली चावी शोधून त्यांनी मोटरसायकल काढली आणि नदीच्या पुलावर वारा खायला जातो म्हणून निघाले. संध्याकाळी टेंभुर्णीच्या एका जीपवाल्याने त्यांना आणून सोडलं. नदीचा पूल एका दिशेला, टेंभुर्णी दुसऱ्या. ते रस्त्याकडेला मोटरसायकल उभी करून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होते, नदी कुठं गेली. एका ट्रकच्या पुढ्यातून जीपवाल्याने त्यांना ओढून घेतलं होतं.

"भाईसाब," भाभी म्हणाल्या, "तुम्ही जे बोलले ते वापस घ्या."

"भाभी, ते खरं आहे."

"मला काय करायचंय खऱ्याचं? तुम्ही त्यांना भर बाजारात हसलात तेव्हा मी काही बोलले का? बाजारातली पोरंसुद्धा सांगत होती मला, शेठ काय काय बोलला ते. मी गप्प राह्यले. आता तुम्ही माझं ऐका."

मी त्यांच्याबरोबरच गेलो. मास्तर मला बघून उठले आणि सदऱ्याच्या बाह्या वर सारू लागले. त्यांना वाटलं, गाडीसाठी बोलवायला आलो.

मी उभ्यानेच बोललो. बसलो असतो तर जमलं नसतं. "मास्तर, मी परवा खोटं बोललो. वायरींना मी हात लावला न्हाई. तुम्हीच उलट्या लावल्त्या. मला तुमची कीव आली म्हणून मी माझ्यावर घेतलं."

त्यांनी माझ्या डोळ्यांत बघितलं. वर्गात पोराने उत्तर कॉपी केलंय का, हे ते असंच बघत असणार. मी डोळे हलवले नाहीत. खोटं बोलायची मला दुकानदारीची सवय आहे.

"कीव," ते म्हणाले.

"हो."

"माझी?"

"हो, मास्तर."

ते खाली बसले. बराच वेळ त्यांनी गुडघ्यावरचे हात पाहिले. मग सदऱ्याच्या खिशातून मोटरसायकलची चावी काढून न बघता भाभींकडे धरली. भाभींनी ती घेतली आणि आत गेल्या. पाण्याचा पेला आणि नवी आणलेली गोळ्यांची पट्टी घेऊन आल्या. मास्तरांनी गोळी जिभेवर ठेवली, पाणी प्यायले आणि पेला परत दिला.

"कीव करू नको परत," ते मला म्हणाले. "पण आज बोललास ते बरं केलंस. हे सगळे मला चुचकारून राह्यलेत. तुझी भाभी, पोरं, डॉक्टर. एक तूच खरं सांगतोस."