आमराईतलं टेकाड

नवऱ्याला माहीत नाही. धुळ्यात, देवपूरच्या ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या मैत्रिणीलाही माहीत नाही. सात वर्षं झाली, आज पहिल्यांदा तोंड उघडतेय, तेही तुमच्यापाशी — कारण तुम्ही मला ओळखत नाही, आणि माझं काही वाकडं करू शकत नाही.

मी नकाशे काढते. जमिनीचे, चढ-उतारांचे. कॉलेजांत पोरं मला विचारतात, मॅडम, उंचीची माहिती फुकट कुठे मिळते? मी सांगते. परदेशी अंतराळ संस्थांच्या साइट आहेत, आपल्याकडच्याही आहेत. नाव-ईमेल टाकायचा, नकाशावर हवा तेवढा चौकोन आखायचा, फाईल उतरवून घ्यायची. अख्खा साक्री तालुका चहा होईस्तोवर तुमच्या कॉम्प्युटरवर. तीस-तीस मीटरचा एकेक चौकोन आणि प्रत्येकाला एक आकडा — समुद्रापासून किती उंच.

फुकटचं म्हणून नाक मुरडणारे आहेत. मुरडू देत! धुळ्यासारख्या गावात बसून, कुणा साहेबाच्या दारात फाईल घेऊन उभं न राहता मी धंदा उभा केला तो याच आकड्यांवर. आजही वापरते, उद्याही वापरीन. तेव्हा या कबुलीत फुकटच्या माहितीला शिव्या मिळतील अशी वाट पाहत असाल, तर राहू द्या.

चूक माझी आहे. सांगते — जरा दमानं घ्या.

पिंपळनेरकडे एक गाव आहे, नाव सांगत नाही. त्या पट्ट्यात नदीला बंधारा असतो, बंधाऱ्यातून पाट निघतो, आणि शेतांचे मोठे मोठे फड पाडलेले असतात. फडाफडाला पाळीनं पाणी द्यायला गाव एक माणूस नेमतं, तो पाटकरी. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, वर्षाच्या बोलीवरचे सालदार गडी बदलतात ना, तसा त्याच दिवशी पाटकरीही ठरतो. त्या गावात मात्र तो नुसता म्हणायला ठरायचा, कारण वीसेक वर्षं एकच माणूस होता — नाना. पाणी कुठून जाईल हे नानांनी सांगायचं आणि गावानं ऐकायचं. त्यांच्याकडे दुसरं काही फारसं नव्हतं. शब्द होता.

पाट जागोजाग फुटला होता. शेवटच्या फडाकडचा तुकडा नव्यानं खणायचा होता, आणि एका संस्थेनं मला जमिनीचे चढ-उतार मोजून नकाशा द्यायला सांगितलं. मोजून — म्हणजे तिपाईवर दुर्बीण लावून, समोर पट्टी धरून, टप्प्याटप्प्यानं. बंधाऱ्यापासून आमराईपर्यंत मी मोजलं, अगदी नीट. पुढे आमराई. जुनी झाडं, दाट, फांद्या खाली आलेल्या. दुर्बिणीतून पट्टी दिसेना. दहा पावलं गेलं की तिपाई उचला, पुन्हा मांडा.

मला कंटाळा आला. काय अपेक्षा होती तुमची — आजारी मूल, मरणाची अडचण? नाही. कंटाळा. घरी आले, फाईल उतरवली, आमराई आणि तिच्या कडेचा, पुढचा भाग त्या आकड्यांनी भरला. नकाशा देखणा झाला. आमराईच्या जागी चांगलं आठ-नऊ मीटरचं टेकाड आलं. पाट त्यावरून जाणं शक्य नाही, सबब बाहेरून वळसा. मी लाल रेघ मारून दिली.

देवळापुढच्या सभेत नकाशा भिंतीला लावला. नाना जवळ आले, बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "आठे टेकाड नही ताई. आठे खोलगट शे. पानी आठूनच जाई."

माझ्या टेकाडाला ते खोलगट म्हणत होते. लोक माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, यंत्र खोटं बोलत नाही. नानांनी मान हलवली. साधं विचारलं, आवाजही चढवला नाही — "आंबराईमा दुर्बीन लावी का तुम्ही?"

मी हो म्हणाले.

संपलं. एवढंच. हे सांगायला सात वर्षं लागली. त्यांच्या तोंडावर, सगळ्या गावासमोर. आणि वर मी हसून म्हणाले, नाना, आता सॅटेलाइटपेक्षा तुम्हाला जास्त दिसतं का? पोरं खिदळली. नाना मागे जाऊन बसले.

पाट वळशानं खणला. पाटाला उतार लागतो बोटाबोटाचा. माझ्या त्या आकड्यांत दोन-चार मीटर सहज इकडचे तिकडे होतात. पाणी वळणावर थबकायचं. शेवटच्या फडाचा गहू वाळला. आता नकाशा तर मॅडमनी मोजून दिलेला — मग खोट कुणाची? लोक म्हणाले, नाना रुसलाय, मुद्दाम पाणी पोचू देत नाही. पुढच्या अखाजीला गावानं दुसरा पाटकरी नेमला. मला हे फोनवर कळलं. मी "अरेरे" म्हणाले.

तेव्हा मला ठाऊक नव्हतं, असं म्हणता येईल का? खोटं बोलले हे ठाऊक होतंच. नकाशा चुकलाय हे नंतर कळलं. जळगावात मेहरूण तलावाच्या काठचं एक काम करताना दिसलं, झाडांची रांग असलेला रस्ता आजूबाजूपेक्षा उंच येतोय. जुनी फाईल उघडली, वर आकाशातून काढलेला फोटो ठेवला. झाडं संपतात तिथे टेकाड संपत होतं, अगदी बांधावर. वरून बघणाऱ्याला आंब्यांचे शेंडेच दिसणार. त्यानं शेंड्यांची उंची दिली, मी ती जमिनीची म्हणून विकली. आणि हे त्या साइटवरच्या टिपणात स्वच्छ लिहिलेलं होतं. मी वाचलं नव्हतं.

एक फोन पुरला असता. संस्थेला, सरपंचाला, कुणालाही. केला नाही. 'बाईचा नकाशा शेवटी असाच' म्हणायला टपलेले चार जण होते, खरं आहे — पण ती सबब मला देऊ नका, मला नको आहे. ते चार जण नसते तरी मी गप्पच बसले असते. माझं नाव झालं होतं, मला ते आवडत होतं.

गेल्या वर्षी पिंपळनेरच्या स्टँडवर कुणीतरी हाक मारली. नाना. वाळले होते, पण टोपी तशीच पांढरी. मी ओळख दाखवायच्या आधीच त्यांनी चहा सांगितला. शेजारच्या म्हाताऱ्याला कौतुकानं म्हणाले, "ह्या त्या ताई. मन्ही चूक ह्यास्नीच दखाडी."

त्यांची चूक मी दाखवली! मला वाटलं, टोमणा आहे. टोमणा असता तर बरं झालं असतं, मी भांडले असते. पण त्यांचे डोळे निर्मळ होते. सांगत होते की त्या वर्षापासून स्वतःच्या शेतातही पाणी सोडायच्या आधी ते पुतण्याला विचारतात. "माले वाटे जमीन माले समजस. आते मन्हा मन्हावरच भरोसा नही ऱ्हायना, ताई."

ग्लास गरम होता. मी तो दोन्ही हातांनी धरला होता. बसला अजून दहा मिनिटं होती — दहा मिनिटं म्हणजे खूप झाली.

मी म्हणाले, "वय झालं की होतं असं, नाना."

त्यांनी मान डोलावली, आणि चहाचे पैसे मला देऊ दिले नाहीत.