शेजारच्या खाटेची बाटली

दुसऱ्या बाईच्या नवऱ्याची लघवी पाहून मी जळले आहे. हसा खुशाल.

साठ सालानंतरची गोष्ट. हे बेंगळुरूच्या एका सरकारी कारखान्यात इंजिनियर होते. एका तापाचं निमित्त झालं आणि यांच्या मूत्रपिंडांनी काम सोडलं. इस्पितळात पोटात नळी घालून पाणी सोडत आणि अंगातली घाण घेऊन ते परत काढत. त्याला डायलिसिस म्हणतात हे मला तिथंच कळलं. खाटेखाली काचेची बाटली असे. तिच्यात लघवी जमू लागली की माणूस वाचला, एवढंच मला समजत होतं.

शेजारच्या खाटेवर बेळगावकडचा एक कापडवाला होता. त्याची बायको रोज सकाळी विचारी, "आज किती, अक्का?" मी आधी तिच्या बाटलीकडे बघे आणि मग आमचा आकडा फुगवून सांगे. "सरी, सरी," ती म्हणे, म्हणजे कानडीत बरं, बरं. आमची बाटली तिला दिसत होतीच की.

रक्ताचंही तेच. दोघेही पांढरेफटक पडले होते. तिच्याकडे रक्त द्यायला दिरांची रांग लागली. आमचं गणगोत सगळं साताऱ्याला. मी हात पुढे केला तर डॉक्टरांनी माझीच पापणी ओढून पाहिली आणि म्हणाले, "तुम्हालाच रक्त चढवायला हवं." इकडे तिच्या नवऱ्याची नखं गुलाबी झाली आणि माझा नुसता तिळपापड. त्यात तीच येऊन म्हणाली, "आमच्या धाकट्या दिराचं रक्त साहेबांना चालतंय म्हणत्यात. घ्या की, अक्का."

घेतलं. तिच्याकडून घ्यावं लागलं याचाच राग जास्त आला. यांच्या ओठांवर रंग चढला तेव्हा मात्र मी वॉर्डाबाहेर जाऊन रडून घेतलं.

दोघेही घरी गेले. काही महिन्यांनी पुन्हा त्याच वॉर्डात, दोघांचेही डोळे हळदीसारखे पिवळे. रक्तातून येणारी कावीळ, डॉक्टर म्हणाले. देणारा धडधाकट दिसला तरी त्याच्या रक्तात विषाणू असू शकतो. कावीळही त्याचीच उतरली. यांची उतरली नाही.

पुढे एकदा चिकपेटच्या बाजारात ती दोघं समोर आली. तो गर्दीत तिच्यासाठी वाट काढत होता, चांगला लालबुंद.

"साहेब कसे आहेत, अक्का?" त्याने हसून विचारलं. "लघवी होतीय न्हवं नीट?"

"भरपूर होते आता," मी म्हणाले.

तिची नजर माझ्या कपाळावर गेली. तिथे कुंकू नव्हतं.

"सरी, अक्का," ती म्हणाली. "लई चांगलं झालं." मग त्याच्याकडे वळून म्हणाली, "अक्कांची पिशवी घ्या की, रस्त्यापर्यंत."

त्याने हात पुढे केला. मी पिशवी सोडली नाही.