टेबलावरची बाटली

“आई, पावाचे आणि वाईनचे पैसे वेगळे घ्यायचे. सगळे घेतात!”

“घेऊ देत! दुपारच्या जेवणात पाव, वाईन आणि शेवटी गोड आलंच पाहिजे. उद्या चमच्याचंही भाडं लावशील, मेल्या!”

स्पेनमधल्या सारागोसा शहरात, एका मागच्या गल्लीत बेनिताची खानावळ होती. सोमवारी मसूर, गुरुवारी भात, हे गिऱ्हाइकांना तोंडपाठ. स्वस्तात पोटभर जेवू घालायचं आणि वाढता वाढता चार शिव्या फुकट द्यायच्या, हा तिचा खाक्या. पण तिचा मुलगा सिरो आज हट्टाला पेटला होता. टेबलांवर कायम उभ्या असणाऱ्या वाईनच्या बाटल्या त्यानं सकाळीच उचलून कपाटात कोंबल्या होत्या.

दुपारी एवारिस्तो गवंडी आपली टोळी घेऊन आला. टेबलं बोडकी बघून तो दारातच थबकला.

“बेनिताबाई, आज कुणाचं लग्नबिग्न आहे वाटतं? आमची बाटली कुठंच नाही, म्हणजे टेबलं राखून ठेवलेली दिसतात. चला रे, दुसरीकडे बघू.”

बेनिता चुलीपासून येईपर्यंत टोळी गेलीसुद्धा.

“मागितली असती तर दिली असती की,” सिरो पुटपुटला.

“मागायची? तू घरात पाणी मागून पितोस का रे?” बेनितानं कमरेवर हात ठेवले. “आणि हे पातेलंभर मसूर आता एकटा संपवणार आहेस का, शहाण्या?”

सिरोनं कपाट उघडलं, दोन बाटल्या काखेत मारल्या आणि गवंड्यांच्या मागे बाहेर पडला.