आप्पांचं भरीत आणि लेफ्ट बॅकची जागा

मॅचचे किस्से फारसे नसतात. मॅचमध्ये काय होतं? आपण हरतो किंवा जिंकतो, आणि घरी जाऊन गरम पाण्यात पाय बुडवून बसतो. खरे किस्से साचतात ते मॅच नसतात तेव्हा. चार रिकामी माणसं एकत्र बसून 'टीमचं काय करायचं' असं बोलायला लागली की दरवेळी एक तरी किस्सा घेऊनच उठतात.

आमची फुटबॉल टीम शहाद्याजवळची. मी मॅनेजर. फुटबॉल कळतो म्हणून नाही, तर माझ्याकडे पिकअप आहे म्हणून! एरवी त्यात पपई असते, मॅचच्या दिवशी खेळाडू. पपई कमी बडबड करते, एवढाच फरक.

आमचा सीझन पावसाळ्यात सुरू होतो आणि दसऱ्याला संपतो. दिवाळी झाली की आप्पांच्या शेतात भरीत पार्टी. आप्पा म्हणजे आमचे गोलकीपर. तापीकाठचे पाटील, घरची केळी, घरची वांगी, भारदस्त शरीर. कापसाच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजायची, लाकडी बडगीत ठेचायची, सोबत कळण्याच्या भाकरी. पंगत बसली की आमचे कोच वाघ सर दरवर्षी एकच प्रश्न विचारतात, "बोला, पुढच्या सीझनला कोणती जागा बळकट करायची?"

उत्तर सगळ्यांना माहीत असतं. गोलकीपर! आप्पा उंच बॉलला उडी मारत नाहीत आणि खालच्या बॉलला वाकत नाहीत. मधल्या बॉलला मात्र त्यांच्यासारखा माणूस जिल्ह्यात नाही. पण हे बोलणार कोण? ताटात आप्पांचं भरीत, वाढायला आप्पांच्या घरच्या काकू. आम्ही खाल्ल्या मिठाला जागणारी माणसं.

मग त्या वर्षी जो पार्टीला आलेला नसेल त्याची जागा कमजोर ठरते.

*

आणि पार्टीला नेहमी न येणारा माणूस म्हणजे रायसिंग.

रायसिंग पावरा आमचा लेफ्ट बॅक, डावीकडचा बचाव त्याच्याकडे. धडगावच्याही वर, डोंगरात त्याचं गाव. दिवाळी झाली की तो बायकोपोरांसकट गुजरातकडे ऊसतोडीला जातो, तो होळीच्या सुमारास परततो. त्यामुळे आम्ही भरीत खात असतो तेव्हा तो कुठल्या तरी फडात ऊस तोडत असतो.

म्हणून आमचा निर्णय दरवर्षी एकच. लेफ्ट बॅक कमजोर आहे!

नवा लेफ्ट बॅक आम्ही शोधतोही. त्याला जर्सी देतो, त्याचा सराव घेतो. मग पावसाळ्यातल्या पहिल्या मॅचच्या सकाळी धडगावची जीप येते. तिच्या मागच्या फळीवर लटकलेला रायसिंग उतरतो, चपला काढून झाडाखाली ठेवतो आणि मैदानात जाऊन उभा राहतो. अर्ध्या तासात नवा माणूस स्वतःच बाकावर जाऊन बसतो. एका वर्षी तर आमच्याकडे तीन लेफ्ट बॅक बाकावर होते आणि राइट बॅक एकही नव्हता!

कधीतरी सरांनाच लाज वाटली. ते म्हणाले, "रायसिंग, वाईट वाटून घेऊ नकोस. मीटिंगमध्ये असं ठरलं होतं."

रायसिंग घरी पावरी बोलतो, आमच्याशी शाळेतलं मराठी. तो शांतपणे म्हणाला, "बरोबर आहे ना, सर. मी नसतो तेव्हा माझी जागा कमजोरच असणार."

सर त्या दिवशी जेवले नाहीत.

*

एकदा ठरलं की स्ट्रायकर आणायचा, आणि आणायचा तर सुरतेहून. आमच्याकडे कुठलीही भारी वस्तू सुरतेहूनच येते, मग ती साडी असो की नवरदेवाचा कोट.

स्ट्रायकर आला. डोक्यावर कोंबड्याच्या तुऱ्यासारखे केस, पायात केशरी बूट. पाऊस नुकताच उघडला होता. आमचं मैदान म्हणजे आप्पांच्या शेताला लागून असलेलं गायरान, अस्सल काळी माती. पोरगा डौलात पळत निघाला. दहाएक पावलांनंतर त्याच्या प्रत्येक बुटाला एकेक घमेलं माती चिकटली होती. त्याने जोर लावून पाय उचलला. पाय आला, बूट तिथेच राहिला!

"यह ग्राउंड है कि खेत?" तो ओरडला.

आप्पा गोलमधून त्यांच्या अहिराणीत म्हणाले, "पानी पडनं की दोन्ही एकच शेतस, भाऊ!"

तो संध्याकाळच्याच गाडीने परत गेला. बूट रायसिंगने खोदून काढले आणि धुऊन त्याच्या हातात दिले.

*

पुरुषोत्तमनगरला एक चांगला स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, होता. तो आमच्याकडे यायला तयार होता, पण म्हणाला, "घरी येऊन बोला."

आता घरी जाऊन बोलायचं म्हटल्यावर आप्पा पुढे झाले. टोपी, उपरणं, हातात नारळ. मी, सर आणि आप्पा ओटीवर बसलो. पाणी आलं, पोहे आले. स्टॉपरचे वडील समोर बसले आणि त्यांनी चौकशी सुरू केली. टीम कुठली? माणसं कशी? कोणाला व्यसन? जेवणखाण कसं? आप्पा एकेका प्रश्नाला मुलाकडच्या थोरल्या माणसासारखं उत्तर देत होते. सर माझ्या कानात म्हणाले, "अहो, हे ट्रान्सफर आहे की सोयरीक?"

शेवटी वडील म्हणाले, "पोऱ्या देस मी. पन दसराले त्याले माहेर धाडा."

म्हणजे दसऱ्याची मॅच तो पुरुषोत्तमनगरकडून खेळणार! आणि दसऱ्याची मॅच नेमकी आमच्याशीच असते. आप्पांनी तिथल्या तिथे शब्द दिला आणि नारळ फोडला.

स्टॉपर सीझनभर आमच्याकडे जीव तोडून खेळला. दसऱ्याला माहेरी गेला आणि कॉर्नरवर डोक्याने गोल मारला, तोही आप्पांच्या पायाजवळून. सर कपाळ धरून बसले. आप्पा जाळीतून बॉल काढत म्हणाले, "जाऊ द्या, सर. माहेरनी वढ ऱ्हासच."

*

मग सरांनी आधुनिक मार्ग काढला. एका सीझनभर आमच्यावर झालेले सगळे गोल त्यांनी माझ्या मोबाइलवर शूट करून घेतले. कोणी काही बोलायचं नाही, फक्त दाखवायचं. आप्पांना आपोआप कळेल.

पार्टीला व्हिडिओ लावला. सगळे श्वास रोखून आप्पांकडे बघत होते. आप्पांनी चष्मा लावला. पहिला गोल बघितला, दुसरा बघितला. तिसऱ्याला ते एकदम ताठ झाले.

"थांबा! मांगे ल्या जरा."

मी मागे घेतलं. सरांचे डोळे चमकले.

"हाई देखा!" आप्पांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "गोलना मांगे. मन्ही म्हैस! दररोज केळीमा कोन शिरस, ते आज समजनं!"

आप्पांच्या गोलमागे, कुंपणाच्या भगदाडातून, त्यांची म्हैस खरंच निवांतपणे केळीच्या बागेत शिरत होती. पुढचे सगळे गोल आम्ही म्हशीसाठी बघितले. चार गोलांत ती होती!

त्या वर्षी आम्ही कुंपण बळकट केलं. सगळी टीम लागली होती, दोन रविवार.

*

वाघ सर तरी किती सोसणार? पुढच्या दिवाळीला त्यांनी एक पाहुणा आणला. धडगावला सरकारी ऑफिसात नुकताच बदलून आलेला तरुण क्लार्क. कॉलेजच्या टीमचा नावाजलेला गोलकीपर! बेत असा की तो जेवता जेवता सहज सांगेल, "मी गोलकीपर आहे," आणि पुढचं बोलणं आपोआप निघेल.

पाहुणा जेवायला बसला. काकूंनी त्याला भरीत वाढलं, त्यावर तेल सोडलं. आप्पांनी स्वतःच्या हाताने त्याच्या भाकरीवर मिरचीचा ठेचा ठेवला. "लाजू नको, भाऊ. तुन्हंच घर शे." त्याने दुसरी भाकरी घेतली, तिसरी घेतली. मग काकूंनीच मायेने विचारलं, "तू कोठे खेळस रे, बाळ?"

पाहुण्याने काकूंकडे बघितलं, आप्पांकडे बघितलं. घास गिळला.

"मी? मी स्ट्रायकर आहे, काकू."

आणि गंमत म्हणजे तो खरोखरच तीन सीझन आमचा स्ट्रायकर म्हणून खेळला! गोलही केले. सरांशी मात्र तो पुढे बरेच दिवस नजर मिळवत नव्हता.

*

आता गेल्या दिवाळीचं सांगतो.

सीझन वाईट गेला होता. सेमीफायनलला, मॅच संपता संपता, एक साधा, लोळत आलेला बॉल आप्पांच्या दोन पायांमधून गेला. आम्ही पिकअपने परत निघालो. आप्पा माझ्या शेजारी बसून खिडकीबाहेर बघत होते. मला फार वाईट वाटलं. गोल गेल्याचं नाही, त्यांच्याकडे बघून.

पार्टीला पहिल्यांदाच रायसिंग हजर होता. घरी बाळंतपण होतं, म्हणून तो यंदा ऊसतोडीला उशिरा निघणार होता. म्हणजे नेहमीची पळवाटही बंद! सगळे पंगतीत होते. सरांनी प्रश्न विचारला. जो तो ताटातली भाकरी कुस्करायला लागला.

आप्पांनी शेवटची भाकरी वाढली. हात धुतले. मग म्हणाले, "तुम्हना नियम माले माहीत शे. जो आठे नही, त्यानीच जागा काढतस. मंग ल्या, मी आठे नही शे. आते बोला!"

आणि ते चालत जाऊन पार बांधावर बसले, आमच्याकडे पाठ करून.

त्यांची ती पाठ बघून कोणाच्या तोंडातून शब्द फुटणार? सर माझ्याकडे बघत होते, मी भरिताकडे. आज बोललो नाही तर कधीच बोलणार नव्हतो, हे आम्हाला कळत होतं. आणि बोललो तर पुढच्या पावसाळ्यात त्या गोलमध्ये आप्पा नसतील, हेही.

तेवढ्यात रायसिंग म्हणाला, "सर, गोलकीपर ठीक आहे. लेफ्ट बॅक कमजोर आहे."

"काय?"

"माझा गुडघा दुखतो. दुसरा माणूस बघा."

गुडघा! हा माणूस त्या दिवशी सकाळी जीप भरली म्हणून निम्मा घाट पायी उतरून आला होता. पण आम्ही सगळ्यांनी पटापट हात वर केले. सरांनीसुद्धा. मी तर दोन्ही!

"आप्पा, या! ठरलं!"

आप्पा आले. "कोनती जागा?"

"लेफ्ट बॅक."

आप्पांनी एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. मग स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवून मटकन खाली बसले.

"अरे, कितला सालपासून वाट देखी ऱ्हायनू मी! कोनी तरी म्हनी, आप्पा, बस करा आते. गुडघा मन्हा दुखस, आनि हाऊ म्हनस त्याना!"

"मग आप्पा, तुम्ही बोलायचं ना!" मी म्हणालो.

"कसा बोलू? दर साल भरीत खातस आनि म्हनतस, आप्पा शेतस म्हनीसन टीम शे! तुम्हले वाईट वाटतं ना, भो!"

काकू चुलीपाशी पदर तोंडाला लावून हसत होत्या. आप्पा उठले, शेतातल्या झोपडीत गेले आणि ग्लोव्ह्ज घेऊन आले. सरळ रायसिंगच्या मांडीवर टाकले.

"तुन्ही जागा तू आपला तोंडे सोडी दिधी ना? मंग आते गोलमा उभा ऱ्हाय."

रायसिंगने ग्लोव्ह्ज उलटेसुलटे करून बघितले. एक हातात घातला, मग दुसरा. बोटं हलवून पाहिली.

वाघ सर अगदी हळू आवाजात म्हणाले, "म्हणजे आता खरंच लेफ्ट बॅक पाहिजे."