मान खाली घालून आलेले पेशंट

पेशंटच्या फाइलमध्ये दुखणं लिहायला जागा असते, किस्सा लिहायला नसते. त्यामुळे मुलुंडच्या आमच्या छोट्याशा फिजिओथेरपी क्लिनिकमधले किस्से वीस वर्षं माझ्या डोक्यातच साचत आलेत. पूर्वी ते सगळे गुडघ्यांचे असायचे. नातू आजोबांचा हात धरून त्यांना पायरी चढवायचा. हल्ली आजोबा ठणठणीत असतात आणि नातवाला घेऊन येतात. नातू दारातून आत येतो तेव्हाच त्याची मान खाली असते, कारण हातात फोन असतो.

असाच एक ओंकार. अकरावीतला, उंचपुरा. मनगट दुखतंय म्हणून आजोबांनी आणला होता. मी मनगट फिरवून बघितलं आणि विचारलं, "खेळतोस का काही?"

"हो, क्रिकेट."

मला बरं वाटलं. चला, एक तरी मुलगा मैदानावर जातोय. "बॅटिंग की बोलिंग?"

"दोन्ही. कॅप्टन आहे मी."

"अरे वा. रोज प्रॅक्टिस?"

"चार-पाच तास."

एवढी प्रॅक्टिस म्हणजे मनगटावर लोड येणारच. मी गंभीर होऊन म्हटलं, "पंधरा दिवस ग्राउंडवर पाऊल ठेवायचं नाही."

ओंकारने निमूट मान हलवली. आजोबा म्हणाले, "मॅडम, ग्राउंडवर हा शेवटचा गेला तेव्हा दुसरीत होता. याची मॅच गादीवर चालते. पावसातसुद्धा थांबत नाही."

*

ऋतुजा आली ती मानेसाठी. आयटीत नोकरी, दिवसभर लॅपटॉप आणि उरलेला वेळ फोन. मी तिला नीट समजावलं, की बाई गं, वाकून बघू नकोस. फोन डोळ्यांसमोर धर, मान ताठ ठेव. मुलगी आज्ञाधारक. दहा दिवसांनी आली तेव्हा मान झकास.

"मग आज काय?"

"खांदा, मॅडम. हातच वर जात नाही."

फोन मधूनमधून खाली ठेवायचाही असतो, हे सांगायचं माझ्याकडून राहिलं होतं. मी म्हटलं, "आता संध्याकाळी दोन तास फोन टेबलावर."

"आणि मी?"

"तू गॅलरीत उभी राहा."

"गॅलरीत काय आहे?"

"मला काय माहीत? घर तुझं आहे."

ऑपरेशन सांगितल्यासारखा चेहरा करून ती गेली. पण केलं तिने. पुढच्या खेपेला खांदा बराच मोकळा होता. शेकाचा टॉवेल खांद्यावर घेता घेता म्हणाली, "मॅडम, आमच्या समोर अख्खी शाळा आहे."

त्या घरात राहायला येऊन त्यांना सहा वर्षं झाली होती.

*

आमच्या काउंटरवर सुलभाताई बसतात. कुडाळकडच्या, आणि बोलणं अजून तिकडचंच. एकदा कॉलेजातली एक मुलगी वेटिंगच्या बाकावर येऊन बसली. काउंटरपासून चार फुटांवर. तिथून तिने क्लिनिकच्या नंबरवर मेसेज टाकला, 'हाय, अजून किती वेळ?'

सुलभाताईंच्या पुढ्यातला फोन वाजला. त्यांनी मेसेज वाचला, चष्म्यावरून समोर बघितलं आणि म्हणाल्या, "गो बाय, मी हयच बसलंय. तोंडान इचार. धा मिंटा लागतली."

मुलीने मान वर केली नाही. सुलभाताईंचा फोन पुन्हा वाजला. 'ओके' म्हणून तिने अंगठा पाठवला होता.

अंगठाच दुखत होता तिचा. त्यासाठीच आली होती.

*

प्रणव इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. खुर्चीत बसून बसून कंबर आखडलेली. मी त्याला रोज सहा हजार पावलं चालायला सांगितलं. पावलं मोजणारं घड्याळ त्याच्याकडे होतंच, त्यामुळे रोज संध्याकाळी आकड्याचा स्क्रीनशॉट यायला लागला. सात हजार, आठ हजार, एकदा तर अकरा हजार. मी इकडून शाबासकी पाठवत होते. महिन्याने तपासलं तर कंबर तशीच, लाकडासारखी. मला काही कळेना.

त्याच आठवड्यात त्याची आजी आली. गुडघा टम्म सुजलेला. मनगटावर तेच काळं घड्याळ.

"आजी, घड्याळ छान आहे."

"नातवाने दिलंय हो. म्हणाला, हे घालून भाजीला जा, देवळात जा, सोसायटीला चकरा मार. संध्याकाळी चार्ज करायला काढून घेतो." मग त्या जरा जवळ सरकल्या. "काल तर म्हणाला, आजी, आज कमी भरलंय, अजून एक फेरी मार. एवढी काळजी कोण करतं हल्ली?"

आजींना मी काहीच बोलले नाही. प्रणवला मात्र फोन केला. "तुझ्या व्यायामाने आजीचा गुडघा सुजलाय. उद्यापासून तिला आराम. भाजी तू आणायची, देवळात फुलं तू पोचवायची. घड्याळ घालून."

गुडघ्याची सूज उतरली, कंबरही मोकळी झाली. आणि आजी सोसायटीभर सांगत फिरतात, माझा नातू मला भाजीची पिशवीसुद्धा उचलू देत नाही.

*

सिद्धार्थचं मात्र मी फार जणांना सांगितलेलं नाही.

सिद्धार्थ स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा, तेवीस वर्षांचा. त्याचे बाबा बस कंडक्टर. रिटायर झाले आणि तीन महिन्यांत त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात-पाय लुळा पडला आणि बोलणं अडकलं. डोकं साफ होतं, पण एकेक शब्द बाहेर यायला वेळ लागायचा. हात-पाय माझ्याकडे होते, बोलणं सुधारायला दुसऱ्या एक मॅडम.

सिद्धार्थ त्यांना आठवड्यातून तीनदा आणायचा. मनापासून करायचा सगळं. पण हा मुलगा तीन-चार वर्षं लेक्चरचे व्हिडिओ दुप्पट स्पीडने ऐकत आलेला. साध्या वेगाने बोलणारं माणूस त्याला सहनच होत नसे. मी व्यायाम सांगायला लागले की अर्ध्यातच, "कळलं, पुढे?" बाबा "पा..." म्हणाले की हा पाण्याची बाटली पुढे करायचा. त्यांना पाय म्हणायचं असायचं. "ख..." म्हणाले की हा उठून खिडकी लावायचा. त्यांना खुर्ची हवी असायची. शेवटी बाबांनी बोलणंच सोडलं. दुसऱ्या मॅडमनी मला विचारलं, "सुधारणा थांबलीय यांची. घरी कोणी बोलत नाही का?"

मी सिद्धार्थला बाजूला घेतलं. "बाबांची वाक्यं तू संपवतोस. मग त्यांनी बोलायचं कशाला?"

तो म्हणाला, "मला थांबताच येत नाही, मॅडम. आई बोलायला लागली तरी वाटतं, व्हिडिओ ढकलतो तसं पुढे ढकलावं. वाट लागलीय माझी. मलाच भीती वाटते आता."

"फोन दे इकडे," मी म्हटलं. "आणि बाबांसमोर जाऊन बस. त्यांचं एक वाक्य पूर्ण होईपर्यंत तोंड उघडायचं नाही."

तो स्टूल ओढून त्यांच्या समोर बसला. "बाबा, बोला. मी थांबतो."

बाबांनी त्याच्याकडे बघितलं. ओठ हलले. "तु..." आणि मग काहीच नाही. सिद्धार्थने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. सुलभाताई काउंटर सोडून दारात येऊन उभ्या राहिल्या. शेजारच्या कॉटवरच्या काकूंनी पाय हलवायचा थांबवला.

"तुझ..." बाबांच्या कपाळावर घाम आला. "तुझी..."

मला वाटलं, तुझी काळजी वाटते, असं काहीतरी असणार. सिद्धार्थलाही तसंच वाटलं असावं. त्याचे डोळे भरून वाहायला लागले, पण तो गप्प राहिला. मिनिटभर तरी गेलं असेल.

"तुझी... चेन... उघडी... आहे."

सिद्धार्थने खाली बघितलं. होती.