चांद्याच्या आक्का आणि बाबिलोन

आक्का चित्र बोटाने बघायच्या. चांदे गावात त्यांच्या घरी मी भाड्याने राहायचो. हिंजवडीच्या कंपनीतून, तिथल्या गर्दीतून सुटून, अंगातला जीव गेल्यासारखा घरी यायचो, तेव्हा पुढच्या खोलीत त्या फ्रेमच्या काचेवर बोट फिरवत उभ्या असायच्या.

चित्र बाबिलोन या प्राचीन शहराचं होतं. जवळच्या लवळ्याच्या कॉलेजात शिकवणारे एक प्राध्यापक माझ्याआधी त्या खोलीत राहत. जाताना त्यांनी ते आक्कांना दिलं. तीनशे वर्षांपूर्वी युरोपात तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं. जाड तटबंदी, नदी, चढत गेलेला मनोरा आणि प्रत्येक ठिकाणावर बारीक आकडा. खाली आकडेवार नावांची यादी. ती लॅटिन यादी मी फोनवर भाषांतर करून त्यांना वाचून दाखवली. आठवड्यात त्यांना ती पाठ झाली.

"काढणाऱ्याने हे शहर बघितलंच नव्हतं, आक्का. केव्हाच मोडून गेलं होतं ते."

"मग इचारलं आसंल कुनाला तरी," त्या म्हणाल्या. "इचारल्याबिगर नावं कशी येत्यात?"

डोंगराकडची जमीन मुलांनी विकली, तेव्हा आक्कांनी एक शब्द न बोलता सही केली होती. धाकटा दत्ता हे कौतुकाने सांगायचा. आक्कांनी मात्र एकदा मला विचारलं, "आपल्या गावाचं आसं काढशील? टेकडीवरनं. आकडं घाल. नावं मी सांगतीया."

"रविवारी जाऊ," मी म्हणालो.

रविवारी मी दुपारपर्यंत झोपायचो. त्यांनी कधी उठवलं नाही. "दमतुयास लई," एवढंच म्हणून चहा झाकून ठेवायच्या. असे चार महिने गेले. त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू होता, औषधाचे थेंब चालू होते, हे मला ठाऊक होतं. एका संध्याकाळी आलो, तर त्यांचं बोट फ्रेमच्या बाहेर, नुसत्या भिंतीवर फिरत होतं.

त्या रविवारी आम्ही टेकडीवर गेलो. माझ्या खांद्यावर हात ठेवून त्या चढल्या. वर पोचल्यावर त्यांनी विचारलं, "नदी कंच्या हाताला हाय?"

"डाव्या."

"तिच्या अल्याड वडाचं खाचर. लिव्ह."

"तिथे आता टॉवर आहे, आक्का."

"आसंल. तू लिव्ह."

मी आकडे घालत गेलो, त्या नावं सांगत गेल्या. सतरावं नाव 'भागीचा बांध' होतं. भागी कोण, मी विचारलं.

"माझी पयली. दीड वर्साची गेली. तितंच मातीत ठिवली."

"दत्ताला माहीत आहे?"

"न्हाई. पोरांनी कदी इचारलं न्हाई." मग म्हणाल्या, "फुडं लिव्ह. आठरा."

पुढे मी खोली बदलली. वर्षभराने आक्का गेल्याचं कळलं. दहाव्यानंतर दत्ता कंपनीच्या गेटवर आला. "आईनं तुमाला नावं सांगितली व्हती म्हणं. आमाला निम्मी बी ठाव न्हाईत."

टेकडीवर लिहिलेला कागद माझ्याकडेच होता; तो मी दिला. मोटारसायकलवर बसून तो एकेका नावावर बोट ठेवत वाचू लागला. सतराव्याला थांबला.

"भागी कोन?"

मी सांगितलं. मागे कॅब हॉर्न वाजवत होत्या. दत्ताने गाडी बाजूला घेतली नाही.

"जमीन इकली तवा त्यो बांध मी सोता जेसीबी लावून काढला," तो म्हणाला. "आई हुबी व्हती तितं. पार सांजपतोर हुबी व्हती. मला वाटलं, मशीन बघतीया."